लढाईच्या आधीची विशेषणं

आमच्या मामांइतका भित्रा माणूस यॉर्कशरच्या भूमीवर आजवर झाला नसेल, आणि त्यांच्याइतकं शूर बोलणारा तर अख्ख्या मराठी मुलखात सापडायचा नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदत होत्या, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. दोन म्हाताऱ्या बहिणी एकमेकींचा हात धरून रस्ता ओलांडतात ना, तशा त्या नांदत होत्या, एवढंच मी सांगते. मामा माझे सख्खे मामा नव्हेत. लीड्समध्ये ज्यांच्या घरात मी वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली त्या मावशींचे ते थोरले भाऊ. आणि मावशीही सख्ख्या मावशी नव्हेत, त्या घरमालकीण. परदेशात नाती आधी भाड्याने मिळतात, मालकीची पुढे कधीतरी होतात.

खोली बघायला गेले त्या दिवशी जिना चढून वर पोचले, तर लोकरीची टोपी घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ हातात झाडू घेऊन बाथरूमपासून चांगल्या सुरक्षित अंतरावर उभे होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी हात आडवा केला. "पोरी, तिथेच थांब," ते म्हणाले. "स्नानगृहावर अष्टपाद, रक्तनेत्र, तंतुजालसम्राट असा महादैत्य चालून आला आहे. वाटाघाटी चालू आहेत." मी आत डोकावले. टबमध्ये एक कोळी होता. इकडे पानगळीच्या दिवसांत घरोघरी निघतात तसा, जरा लांब पायांचा, स्वतःच बावरलेला. मी परतूरची. आमच्याकडे चप्पल घालायच्या आधी ती झटकतात, कारण आत विंचू असू शकतो. मी त्याला पेल्याखाली धरलं, खालून पुठ्ठा सरकवला आणि खिडकीतून बाहेर सोडून दिलं. मामांनी झाडू खाली टेकवला, छाती पुढे काढली आणि खाली हाक मारून बहिणीला कळवलं की शत्रूने तह केला. मावशी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "अगं, खोली तुझी. भाड्याचं मागाहून बोलू."

यावरून मी धीट आहे असं कुणी समजू नये. कोळी सोडला तर त्या वर्षी मला या देशात सगळ्याचंच भय वाटत होतं. फोन वाजला की मी तो वाजून थांबेपर्यंत उचलत नसे, कारण पलीकडचं यॉर्कशरचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं. बसच्या ड्रायव्हरला काय सांगायचं ते मी स्टॉपवर उभी राहून घोकायची. सुपरमार्केटमधलं आपोआप बिल करणारं मशीन काही बोललं की चोरी पकडली गेल्यासारखी मी इकडेतिकडे बघायची. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. झेडपीच्या शाळेतून निघून मुंबईत कानाच्या तपासणीचं शिक्षण घेतलं आणि मग इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली, याचं मला इतकं अप्रूप होतं की ती कुणीतरी एक दिवस परत मागून घेईल असं सारखं वाटायचं. तेव्हा आमच्या घरात घाबरण्याची कामं वाटली गेली. कोळी, कुत्रे, लिफ्ट, सरकते जिने, पार्कातले हंस आणि बॉयलरचा आवाज ही खाती मामांकडे. फोन, कौन्सिलची पत्रं आणि अनोळखी माणसं माझ्याकडे. मावशी कशालाच घाबरत नसत. त्यांना फक्त आम्हा दोघांची काळजी होती.

मामांची नोकरी ऐकली तर खोटं वाटेल. शहरातल्या एका संग्रहालयात चिलखतांच्या दालनात खुर्ची टाकून बसायचं आणि मुलांना काचेवर हात ठेवू द्यायचे नाहीत, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. आजूबाजूला लोखंडी घोडे, लोखंडी सरदार, भिंतीवर भाले, आणि मध्ये नागपूरकडचे आमचे मामा, मफलर गुंडाळून. शाळेच्या सहली यायच्या. मुलं विचारायची, हा कोण, यानं किती माणसं मारली. मामांना खरा इतिहास ठाऊक होता, पण तो फलकावर लिहिलेलाच होता. म्हणून त्यांनी स्वतःचा एक सरदार तयार केला. इंग्रजी मुलांसाठी त्याचं नाव काही वेगळं असेल. दर रविवारी बुद्धवंदनेनंतर आमच्या विहाराच्या हॉलवर मराठी मुलं जमायची, त्यांच्यासाठी तो होता सर धडाडराव बुरुजफोडे.

या सर धडाडरावांची ताकद काय वर्णावी. ते शिंकले तेव्हा किल्ल्याचा दरवाजा उडाला आणि शेजारच्या गावात ज्या बाईच्या घराला दार नव्हतं तिथे जाऊन नेमका बसला. एकदा कौतुकाने ताक घुसळायला घेतलं, तर लोणी आलं, लोण्याचं तूप झालं, आणि तरी हात थांबेना तेव्हा तुपातून परत म्हैस उभी राहिली. त्यांची सावली वाटेत पडली की ती उचलून बाजूला ठेवायला दोन गडी लागत. ते जेवत नसत, अन्नाचा पराभव करत. झोपत नसत, निद्रेला कैद करून उशाखाली ठेवत. मुलं हसून लोळायची. इथे जन्मलेली ती मुलं, घरात इंग्रजीच जास्त. त्यांतली एक छोटी दर वेळी विचारायची, "मामा, पण ते घोडा दमली नाही का?" मामा गंभीरपणे सांगायचे की घोडा सरदारांचं नुसतं नाव ऐकूनच दमतो, म्हणून सरदारच त्याला पाठीवर घेऊन निघतात.

विहारातल्या एका जुन्या कार्यकर्त्यांना हे आवडत नसे. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं की जिथे आपण पंचशील म्हणतो तिथे तलवारीच्या गोष्टी कशाला. मामा हात जोडून म्हणाले, "साहेब, आमच्या सरदारांनी आजवर मुंगी मारलेली नाही. लढाईच्या आधी दोन्ही बाजूंची विशेषणं सांगायची असतात. ती संपेपर्यंत अंधार पडतो, मग दोन्ही सैन्यं जेवायला घरी जातात." आणि हे अगदी खरं होतं. मी कितीतरी रविवार ऐकलं, पण मामांच्या गोष्टीत लढाई कधी सुरूच झाली नाही.

घरातही त्यांचं बोलणं हेच. गंमत अशी की ते बोलणं हा घरातला थर्मामीटर होता. भीती जेवढी मोठी, तेवढी विशेषणं लांब. शेजारच्या मिसेस पामर यांच्याकडे उशीएवढं एक कुत्रं होतं, धापा टाकत चालणारं. त्याला मामा "श्वानकुलभूषण, गर्जनाधिपती" म्हणत आणि ते आलं की फुटपाथ बदलत. पार्कात एकदा हंसांच्या घोळक्याने आम्हाला वाटेत अडवलं, तेव्हा त्यांनी "श्वेतपंखधारी, जलस्थलविहारी, वक्रग्रीव महासेनानी" अशी सुरुवात करून इतका वेळ लावला की हंस कंटाळून निघून गेले. मला वाटतं, असंच काही त्यांना अपेक्षित असायचं. मावशींना ही भाषा पाठ होती. सकाळी मामा नुसतं "जिना उतरतो" म्हणाले तर ठीक. "पर्वतावरून अवतीर्ण होतो" म्हणाले की मावशी चहाचं भांडं खाली ठेवून विचारत, "दादा, गुडघा दुखतोय का रे?" आणि बऱ्याच वेळा दुखत असायचा. "भीती" हा शब्द मात्र मी मामांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. फार झालं तर ते म्हणायचे, आमच्या शौर्याला आज जरा विश्रांती हवी आहे.

माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मी कोट घालून दारात उभी होते आणि पाय उचलत नव्हता. मामा मागून आले, घसा साफ केला आणि रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात गारद दिली: परतूरनिवासिनी, कर्णपरीक्षाधुरंधर, ध्वनिलहरीविजेत्या बाईसाहेब निघाल्या आहेत हो. मिसेस पामरनी पडदा बाजूला केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ड्रायव्हरला सांगायचं वाक्य घोकायला विसरले होते, आणि ते नीट बोललेही होते. परतूरला आमच्या घरात मोठे शब्द असायचे, पण ते पुस्तकातल्या लोकांबद्दल. आम्ही ते पाठ करायचे आणि परीक्षेत लिहायचे. आमच्यापैकी कुणाबद्दल ते वापरावेत असं कुणाला सुचलंच नव्हतं. मामांनी ते माझ्यासाठी वापरले, तेही फुकट, आणि रोज.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी गोष्ट सांगता सांगता मामा अडखळले. सर धडाडरावांनी उपसली ती वस्तू त्यांना सापडेना. "त्यांनी आपली ती... ती..." म्हणत ते हात हवेत फिरवत राहिले. मुलांना वाटलं ही नवी गंमत आहे, ती ओरडली, तलवार, तलवार. मामांनी मान हलवली, पण शब्द उचलला नाही. मग त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात थरथरायला लागला आणि ते खुर्चीवरून घसरले. पुढचं सगळं ॲम्ब्युलन्स, स्कॅन, पुन्हा स्कॅन असं झालं, आणि अखेर एका लहानशा खोलीत सर्जनबाईंनी आम्हाला स्क्रीनवर दाखवलं की मामांच्या मेंदूत डाव्या बाजूला एक गाठ आहे. ती वाढते आहे. आणि ती बसली आहे ती नेमकी माणसाच्या बोलण्याच्या जागेला खेटून.

सर्जनबाई हळू आवाजाच्या होत्या, इथल्या रीतीप्रमाणे मामांना "लव्ह" म्हणायच्या. त्यांनी समजावलं की गाठ जेवढी जास्त काढता येईल तेवढं आयुष्य मिळेल. पण जास्त काढताना बोलणं जाऊ शकतं. म्हणून ऑपरेशनच्या मधल्या वेळात मामांना जागं ठेवतील. त्या एकेका जागी हलकासा करंट लावून बघतील आणि मामांनी बोलत राहायचं. ज्या जागी बोलणं अडेल किंवा बिघडेल ती जागा त्या सोडून देतील. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, असंही त्या म्हणाल्या. मी हे मराठीत सांगितलं. मामांनी विचार केला आणि म्हणाले, "मग घाबरतो कोण, ते विचार." मी ते विचारलं नाही. काही शंका आहे का असं बाईंनी विचारल्यावर मात्र मामा उभे राहिले आणि त्यांनी कवटीच्या किल्ल्याचे अजिंक्य सेनापती वगैरे इंग्रजीत एवढं लांब स्वागतभाषण केलं की मावशींनी डोळ्यांना पदर लावला. त्या रडताहेत ते सर्जनबाईंना कळलं. पण कशामुळे, ते फक्त मला कळलं. मामांनी इतकी विशेषणं कधीच लावली नव्हती.

मामांचं इंग्रजी चांगलं होतं, पण मराठी त्यांची पहिली भाषा. दोन्ही भाषा मेंदूत अगदी एकाच जागी असतील असं नाही, तेव्हा दोन्ही तपासायला हव्यात, असं तिथली स्पीच थेरपिस्ट म्हणाली. हॅना तिचं नाव, माझ्याच वयाची. तिला मराठी ऐकून चूक ओळखणारं कुणीतरी शेजारी हवं होतं. रक्ताचं नातं नको, हॉस्पिटलातलं माणूस असेल तर उत्तम. माझ्या मॅनेजरने परवानगी दिली. मी हो म्हणाले आणि मग घरी येऊन कोट न काढता पलंगावर बसून राहिले. माझं काम काय, तर लोकांना हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवायचा आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणायचं. माणूस काय बोलतो ते ऐकण्याची जबाबदारी आजवर माझ्यावर नव्हती. आता माझा कान चुकला असता तर मामांची वाचा गेली असती, किंवा मी उगाच थांबवलं असतं तर गाठीचा तुकडा आत राहून गेला असता.

ऑपरेशनच्या आधी हॅनाने मामांना चित्रं दाखवून सराव घेतला. चित्रात कुत्रा होता. मामा म्हणाले, "श्वानकुलभूषण." घर दाखवलं, तर "अभेद्य दुर्ग." कप दाखवला, तर "उष्णोदकाचा महाकलश." हॅना माझ्याकडे बघत राहिली आणि हे बरोबर धरायचं का म्हणून विचारलं. मी सांगितलं की त्यांच्यासाठी हेच बरोबर आहे, हे रोजचंच आहे. ती जरा थांबून म्हणाली, "म्हणजे ते जर साधं 'कुत्रा' म्हणाले, तर काळजी करायची?" मी म्हटलं, हो. आम्ही दोघी हसलो. मामाही हसले, कारण सगळे हसत होते.

ऑपरेशन थिएटरमध्ये किती थंडी असते हे मला ठाऊक नव्हतं. मामा कुशीवर झोपलेले, डोकं पक्कं बसवलेलं, आणि मध्ये पारदर्शक पडदा. पडद्याच्या पलीकडे सर्जनबाई आणि त्यांची माणसं. अलीकडे मामांचा चेहरा, हॅना, मी आणि चित्रं. मामांना जागं केलं. मग इंग्रजी चित्रं झाली, ती नीट गेली. एकदा मध्येच "द... द..." असं अडलं, हॅनाने हात वर केला, सर्जनबाईंनी काहीतरी खूण ठेवली आणि पुढे सरकल्या. मग मराठीची पाळी आली. हॅनाने सांगितलं की आता मोकळं बोलू द्या, म्हणून मी म्हटलं, "मामा, सर धडाडरावांचं काय झालं पुढे?"

मामांनी सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण थाट तोच. काळ्या डोंगराच्या स्वारीवर निघालेले सर धडाडराव, त्यांच्या मिशांवर दोन्ही बाजूंना घारींची घरटी, त्यांची ढाल म्हणजे सूर्याला डुलकी आली तर डोकं टेकायची उशी. मी प्रत्येक शब्द कानात धरून तपासत होते. हा बरोबर, हा बरोबर, हाही बरोबर. पलीकडून यंत्राचा बारीक आवाज येत होता. समोरच्या शत्रूचं वर्णन सुरू झालं, "अक्राळविक्राळ, मेघमस्तक..." आणि मामा थांबले. डोळे माझ्यावर आले.

"पोरी," ते म्हणाले, "मला भीती वाटतेय."

मी हात वर केला. पलीकडे सगळं थांबलं. हॅनाने खालच्या आवाजात विचारलं की काय झालं, शब्द चुकला का. मी म्हटलं की हे त्यांचं बोलणं नाही. सर्जनबाईंनी पडद्यापलीकडून विचारलं की या जागी वाचा बिघडते आहे असं मी म्हणते आहे का, कारण तसं असेल तर त्या इथेच थांबतील. त्यांच्या आवाजात घाई नव्हती, पण मला ठाऊक होतं की उत्तर मलाच द्यायचं आहे आणि ते त्यांच्या हातांना ऐकायचं आहे. आयुष्यात इतक्या परीक्षा दिल्या, पण उत्तर ठाऊक नसताना पेपर कोरा सोडता येत नाही अशी ही पहिलीच. मी मामांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ सरळ होते. मी वाकून विचारलं, "मामा, कसली भीती वाटतेय?"

"उगाच काय विचारतेस?" मामा म्हणाले. "डोकं उघडं टाकून झोपलोय मी. वाटणार नाही का?"

ते वाक्य मी आजही मनात उलटसुलट करून बघते. त्यात काही कमी नव्हतं. क्रियापद जागेवर होतं, राग जागेवर होता, आणि प्रश्नही अगदी रास्त होता. मी सर्जनबाईंना म्हटलं की बोलणं ठीक आहे, पूर्ण ठीक आहे. ते फक्त घाबरले आहेत. ते नक्की काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. मी शब्दाला शब्द सांगितलं. मग बाई म्हणाल्या, त्यांना सांगा, मलाही दर वेळी वाटते, म्हणून मी सावकाश काम करते. मी ते मामांना सांगितलं.

"मग बरं," मामा म्हणाले. "सावकाशच करा म्हणावं."

आणि बाईंनी त्याच जागी पुन्हा काम सुरू केलं, जिथे मी हात वर केला होता. त्यानंतरची भीती मामांची नव्हती, माझी होती. मी म्हटलं, मामा, बोलत राहा. पण ते सर धडाडरावांकडे परत गेले नाहीत. साधंच बोलत राहिले. म्हणाले, या देशात आलो त्या पहिल्या हिवाळ्यात बसस्टॉपवर चार पोरांनी घेरलं होतं. काय ओरडत होते ते नीट कळलंही नाही, पण सूर कळला. मी पळालो. फार पळालो. एक चप्पल तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी दालनात बसलो तर शाळेची पोरं आली, चिलखत बघून विचारायला लागली, हा कधी हरला का. मी म्हटलं, हा? कधीच नाही. तिथून सुरू झालं बघ सगळं. एवढं सांगून ते म्हणाले, "मावशीला तुझ्या नको सांगू. तिला वाटतं ती चप्पल बसमध्ये विसरली." मला शब्द तेवढे तपासायचे होते, अर्थ आपोआप कानात शिरला. हॅनाने डोळ्यांनी विचारलं, ठीक? मी मान हलवत राहिले. ठीक. ठीक. ठीक. काही वेळाने पलीकडून आवाज आला की बास, एवढं पुरे, आता त्यांना झोपू द्या.

मामांची वाचा राहिली. गाठ बरीचशी निघाली, थोडी राहिली; ती कशी वागते ते बघायला दर काही महिन्यांनी स्कॅन असतो. मामा चालतात, बोलतात, इंग्रजीत हवामानाला नावं ठेवतात. पण मोठे शब्द आता चटकन येत नाहीत. मध्येच थांबून ते आढ्याकडे बघतात, शब्द जणू तिथे वरच्या फळीवर ठेवलाय आणि हात पुरत नाहीये. मग सोडून देतात. रविवारी मुलांसमोर गोष्ट सांगतात तीही आखूड झाली आहे. सर धडाडराव निघतात आणि थोड्याच वेळात लढाईला पोचतातसुद्धा. मुलांना ते फारसं रुचत नाही. हंस आडवे आले की मामा आता सरळ सांगतात, "मला यांची भीती वाटते, आपण त्या बाजूने जाऊ." मावशी एकदा भांडी घासता घासता म्हणाल्या, "आधी कसं, ओळखावं तरी लागायचं. आता हा नुसता सांगून मोकळा होतो, आणि मग मला काही सुचत नाही बघ." मलाही तसंच होतं. बरा झालेला माणूस समोर बसलेला असताना त्याच्या जुन्या बोलण्याची आठवण काढणं कृतघ्नपणाचं आहे, हे मला कळतं. तरी सकाळच्या बसमध्ये मी ते शब्द पुन्हा जुळवायला बघते, आणि मला ते मामांसारखे जमत नाहीत.

परवा स्कॅनचा निकाल सांगायला बोलावलं होतं. मावशींना सर्दी होती, म्हणून मी गेले. कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही दोघं बसलो होतो, समोर हात धुण्याची सूचना देणारा फलक. मामांनी मफलर काढून मांडीवर ठेवला होता आणि त्याची किनार एका बोटाने सरळ करत होते. बराच वेळ झाला. मी फोन बघण्याचं सोंग करत होते.

"पोरी, घाबरलीयस का?" त्यांनी विचारलं.

हॉस्पिटलच्या बिल्ल्यावर माझा फोटो आहे, नाव आहे, खाली पदवी आहे. मी तो उगाचच उलटा केला आणि म्हटलं, "हो, मामा."

"बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटलं, आज मी एकटाच आलोय."

मग नर्सने त्यांचं आडनाव, तिला जमेल तेवढं, पुकारलं, आणि आम्ही उठलो.